पुढच्या तुकडीचा पंखा

“अहो, पँटला इस्त्री करताय की तिचा जीव घेताय?” बायकोने विचारले. “लग्नाच्या दिवशी तरी एवढे नटला होतात का?”

“लग्नात मला कोण तपासणार होतं?” सर म्हणाले. “आज तपासनीस येतोय. वर्कशॉपमध्ये. माझ्या वर्कशॉपमध्ये!”

आठवडाभर ते घरात हेच बोलत होते. शेजारी, दूधवाला, मेहुणा, कुणीच त्यातून सुटले नव्हते.

शाळेत त्यांना पाना सर म्हणत, कारण त्यांच्या खिशात एक वेळ पेन नसायचे, पण पाना असायचाच. सायकल स्टँडच्या मागे त्यांचे पत्र्याचे वर्कशॉप होते आणि अभ्यासात गटांगळ्या खाणारी मुले तिकडे धाडली जात. “गणित डोक्यात शिरत नाही? जा पाना सरांकडे,” असे मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, बिनदिक्कत म्हणायच्या. त्या स्वतः मात्र तिकडे फिरकत नसत. कपड्यांना ग्रीस लागते.

यंदा वारे फिरले. नुसत्या निकालावर शाळा मोजायची नाही, असे शिक्षण खात्याने ठरवले. शेवटच्या वर्गातून बाहेर पडणारे पोर कॉलेजात टिकेल का, किंवा सरळ कामाला लागू शकेल का, हे पाहायचे, आणि दोन्हींना वजन सारखे. जी शाळा कमी पडेल तिचे वरचे वर्ग बंद आणि मुलांची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत. त्या शाळेत वर्कशॉप नव्हते. इथे कॉलेजच्या बाजूने शाळा जेमतेम काठावर होती, म्हणजे घोडे अडले होते ते पाना सरांच्या पोरांपाशी. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते म्हणतात. सरांची फिटायला थोडी जास्त लागली, एवढेच.

मोठ्या बाई आदल्या दिवशी चक्क वर्कशॉपमध्ये आल्या. सरांनी खुर्ची तीनदा पुसली, तरी त्या उभ्याच राहिल्या.

“सर, सगळी भिस्त तुमच्यावर आहे हं,” त्या म्हणाल्या.

“बाई, काळजीच सोडा. माझी पोरं डोळे मिटून पंखा जोडतात.”

ही बढाई नव्हती. शाळेने सरांना आजवर तीन पंखे आणि एक मोटर दिली होती, तीही भंगारातली. तेवढ्यावर सगळ्या तुकड्या शिकायच्या, म्हणून वर्कशॉपची एक रीत पडून गेली होती. तुकडीने पंखा दुरुस्त करायचा, लोखंडी घोडीला टांगून चालवायचा, सगळ्यांनी खाली उभे राहून पोटभर वारा खायचा. मग तोच पंखा पार सुटा करायचा, चांगल्या कपॅसिटरच्या, म्हणजे मोटरला सुरुवातीचा झटका देणाऱ्या भागाच्या, जागी परत जळका ठेवायचा आणि एकेक भाग फडक्यावर ओळीने मांडून ठेवायचा. “आपला वारा खाऊन झाला, आता पुढच्यांचं बघा,” असे सर म्हणत. त्यामुळे त्या पंख्यांना किती हातांनी बरे केले याचा हिशेब नव्हता आणि एकही पंखा कधी धड राहिला नव्हता. वर्कशॉपच्या छताला हूक होता, तोही रिकामाच. पंखे दुरुस्त करणारी पोरे उन्हाळाभर पत्र्याखाली घामाने भिजत. दिव्याखाली अंधार, दुसरे काय.

तपासनीस वेळेवर आले. स्थूल, शांत माणूस, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांच्यासाठी एक बिघडलेला पंखा तेवढा जोडून घोडीला टांगला होता, तो त्यांनी चालू करून पाहिला. तो नुसता घरघरला.

“हा फिरता करून दाखवा,” ते मुलांना म्हणाले. “एक तास. तासाच्या शेवटी मी येऊन जे पाहीन तेच लिहीन. सर, तुम्ही बाहेर थांबायचं.”

बाकाजवळ सहा जण उभे होते. पुढे चिमटी होती. लांबसडक बोटांमुळे तिला ते नाव पडले होते. तिच्या मागे ढोल्या. त्याने सरांकडे पाहून डोळा मारला. बाहेर पडताना सरांनी खिशातला पाना असा घट्ट धरला होता की जणू त्यांचीच परीक्षा होती. आणि होतीच की.

तपासनीस कॉलेजची कागदपत्रे पाहायला ऑफिसात गेले. सर सायकल स्टँडपाशी पत्र्याला कान लावून उभे राहिले. स्क्रू सुटल्याचा आवाज आला. बेअरिंगवर हलकी ठोक. “अगं, तेल घाल ना,” ढोल्याचा आवाज. मग आवाज थांबले आणि सरांनी कान पत्र्याला आणखी दाबला. मग घुंऽऽ असा आवाज सुरू झाला, चढत गेला, एकसारखा झाला, आणि आत पोरे हसायला लागली. वारा खाल्ल्यावर हसतात तशी.

सर धावत सुटले. इस्त्रीची पँट सायकलींच्या पेडलला घासत गेली, त्याचेही भान नव्हते. “बाई, चालला! वेळेच्या आधी चालला!” ते ऑफिसच्या दारातूनच ओरडले. मोठ्या बाईंनी टाळीच वाजवली. तपासनीस घड्याळाकडे बघून म्हणाले, “तास होऊ द्या. मग जाऊ.” सर एका दमात दोन ग्लास पाणी प्यायले. बायकोला फोन करावासा वाटला, पण त्यांनी दम धरला.

तास झाला तसे तिघे वर्कशॉपमध्ये शिरले. सहाही जण हात मागे बांधून, ताठ मानेने उभे होते. बाकावर स्वच्छ फडके पसरलेले होते आणि फडक्यावर पंख्याचे एकेक पाते, एकेक स्क्रू ओळीने मांडलेला होता.

तपासनिसांनी विचारले, “नुसता उघडलात? जोडलाच नाहीत?”

“जोडला ना,” चिमटी म्हणाली. “चालवला. सगळ्यांनी वारा खाल्ला. मग परत उघडला.”

“परत उघडला? का?”

“पुढच्या तुकडीला लागतो ना.” जेवल्यावर हात धुतात हे ठाऊक नसलेल्या माणसाला सांगावे, तसे तिने सांगितले.

सर पुढे झाले. “साहेब, चूक माझी आहे,” ते म्हणाले. “मीच तसं शिकवलंय. आज उघडू नका, एवढं सांगायचं सुचलं नाही मला.”

“चालला होता हो, सरांनी कानांनी ऐकलंय,” मोठ्या बाई काकुळतीला आल्या.

“ऐकलेलं मला लिहिता येत नाही, बाई.”

“आत्ता परत जोडतो,” ढोल्या पुढे सरसावला.

“तास संपला, बाळ.” तपासनिसांनी लिहिले, सही केली आणि पेन बंद केले. त्यांचेही काही चुकत नव्हते, पंचाईत होती ती हीच. निघता निघता मात्र ते थांबले. “जोडा. मला बघायचंय.”

“त्याचे मार्क?” चिमटीने विचारले.

“मार्क नाहीत. नुसतं बघायचंय.”

पोरांनी जोडला. कुणी कुणाला काही सांगत नव्हते, हात आपोआप पुढे येत होते. घोडीवर पंखा फिरू लागला तेव्हा तपासनीस त्याच्याखाली उभे राहिले आणि पाठीचा शर्ट सुटेपर्यंत हलले नाहीत. “वारा चांगला आहे,” ते म्हणाले, आणि लिहिलेला कागद तसाच घेऊन गेले.

मोठ्या बाई त्या खुर्चीत बसल्या. कपड्यांना ग्रीस लागले, त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. “गेले वरचे वर्ग,” त्या हळूच म्हणाल्या.

सरांना रडू येत होते, आणि पोरांचा इतका अभिमान वाटत होता की रडावे कशाला तेही कळत नव्हते.

ढोल्याने बटण बंद केले. चिमटीने सवयीने फडके पसरले आणि पहिल्या नटाला पाना लावला.

“राहू दे,” सर म्हणाले.

“सर, पुढच्या तुकडीला?”

“उघडू नका.”

चिमटीने पाना खाली ठेवला.

सरांनी शिडी आणली, छताच्या हुकाचा गंज घासून काढला आणि ढोल्याच्या खांद्याचा आधार घेऊन पंखा वर टांगला. चिमटीने बटण दाबले. पत्र्याखालची गरम हवा हलली, भिंतीवरचे जुने तक्ते फडफडले. “जा आता घरी,” सर म्हणाले, पण कुणी जाईना.

सरांनी ते फडके झटकले, त्याच्या चार घड्या घातल्या आणि खिशात, पान्याशेजारी, ठेवून दिले.