रिकाम्या बरणीने खाल्लेला ओझोन

ओझोन मोजायचं यंत्र उद्या, शनिवारी दुपारी बाराला पुण्याला परत जाणार होतं, आणि राजनंदिनीकडे मार्गदर्शक सरांना दाखवण्यासारखा एकही आकडा नव्हता. हे यंत्र पुन्हा मिळायला वर्ष गेलं असतं. म्हणजे पीएचडीही वर्षभर मागे.

श्रीगोंद्याजवळ छगनरावांच्या लिंबाच्या बागेत ती सोमवारी संध्याकाळपासून मुक्कामाला होती. प्रश्न तसा साधा होता. लिंबाच्या पानाचा वास म्हणजे पानातून सुटलेली वाफच. ती हवेतल्या ओझोनला भेटली की दोघं एकमेकांना संपवतात आणि तिसरंच काहीतरी तयार होतं. लिंबाचं झाड असा किती ओझोन खातं, ते तिला मोजायचं होतं.

त्यासाठी झाडाखाली काचेच्या दोन मोठ्या बरण्या मांडल्या होत्या. एकीच्या झाकणाच्या खाचेतून जिवंत फांदी आत घेतलेली, दुसरी रिकामी. दोन्हींतून बाहेरची हवा खेचायची आणि शेवटी ओझोन किती उरला ते बघायचं. काच आणि नळ्याही थोडा ओझोन खातात. तो किती, हे रिकामी बरणी सांगते. तेवढा वजा केला की उरतो तो फांदीचा वाटा. उन्हाने घोटाळा करू नये म्हणून दोन्ही बरण्यांवर काळं कापड.

पण रिकामी बरणी फांदीपेक्षा जास्त खादाड निघाली. दुपारी बाहेरच्या हवेच्या अब्ज भागांत ओझोनचे अठ्ठावन्न. फांदीच्या बरणीतून एकोणचाळीस बाहेर यायचे, रिकामीतून तेहेतीस.

"काचच लई भुकेली हाय म्हणा की," छगनराव म्हणाले. मंगळवारपासून ते हेच म्हणत होते.

राजनंदिनीने नळ्या बदलल्या, पंप खोलून पाहिला, गाळणी नवी घातली. फोनवर सर म्हणाले, "गळती असेल."

"गळती असती तर बाहेरची हवा शिरून आकडा वाढला असता, सर. हा कमी होतोय."

"मग तूच शोध," म्हणून सरांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी नाश्ता बाजूला सारून ती आलेख घेऊन बसली. सोमवारच्या रात्री रिकामी बरणी शहाण्यासारखी वागली होती. मंगळवारी सकाळी पावणेसातला तिची रेघ धपकन खाली आली. बुधवारी थोडी वर सरकली, पुन्हा पावणेसातला खाली. गुरुवारी तेच, आजही तेच. वाऱ्याला किंवा उन्हाला घड्याळ इतकं कळत नाही.

"काका, सकाळी पावणेसातला इकडे कोण असतं?"

"कोन असनार? डेअरीच्या टेम्पोला दूध घालून मालन हिकडनंच येती."

छगनरावांच्या पत्नी मालनबाई गोठ्यातून पदराला हात पुसत आल्या.

"काकू, बरण्यांना हात लावलात का?"

"झाडाच्या बरनीला? न्हाई बाई. तूच म्हनलीस ना, हिला कुनी हात लावायचा न्हाई."

"आणि दुसरीला?"

"तिला लावू नको म्हनून कवा म्हनलीस?"

राजनंदिनीने कापड उचललं. जिच्यात काही नाही तिच्यात बघायचं काय, म्हणून चार दिवस तिने ते उचललंच नव्हतं. बरणीच्या तळाशी लिंबाच्या कोवळ्या पानांची मूठ पडली होती.

"रिकामं भांडं असं मांडून ठेवत्यात व्हय?" मालनबाईंनी उलट तिलाच विचारलं. "आमी शेजारनीचा डबासुदिक रिकामा परत देत न्हाई. त्यात तुजी परीक्षा. सुकली पानं की रोज ताजी घालते. जरा चुरगाळून, म्हंजे वासबी बरा येतो."

छगनराव खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून हसत होते. राजनंदिनीला हसावं की रडावं कळेना, पण डोकं चालू झालं होतं. फांदीचे आकडे खरेच होते. फक्त खऱ्या रिकाम्या बरणीची एक दुपार हवी होती, आणि ती आजची होती.

बरणी धुऊन, वाळवून जागेवर आली. आता अडल्या मालनबाई.

"माज्या दारात रिकामी न्हाई ठेवायची. चिमूटभर साखर टाक."

"नको काकू. आत कसलाच वास नको, आणि ओझोन खाणारं काही नको."

"मग स्टीलची वाटी ठेव."

"ती तरी कुटं भरलीय?" छगनराव म्हणाले. ट्रॅक्टरच्या पेटीत हात घालून त्यांनी काचेची एक गोटी काढली. "ही धुऊन घाल. काच काचंला काय करनार?"

राजनंदिनीने विचार केला. काचेच्या बरणीत काचेची गोटी. फरक पडला तर शून्याइतकाच.

"चालेल का, काकू?"

"एक तरी हाय ना आत. मग चालतंय."

दुपारी दोनला बाहेर अठ्ठावन्न, फांदीतून चाळीस, गोटीवाल्या बरणीतून पंचावन्न. तीनला आणि चारलाही जवळपास तेच. पाचला तिने तक्ता सरांना पाठवला. दहा मिनिटांत फोन आला.

"तळटीप काय आहे ही? 'रिकामी बरणी: आत काचेची एक गोटी'?"

तिने सगळं सांगितलं.

"पानं चुरगाळून घालत होत्या म्हणालीस ना? ते आकडे खोडलेस?"

"नाही, सर."

"खोडू नकोस. तुटलेलं पान शाबूत फांदीपेक्षा जास्त ओझोन खातंय, तेही मूठभरच असून. रोज किती पानं होती, ते विचार."

मालनबाई धार काढायला निघाल्या होत्या.

"मूठभर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे किती?"

"मूठ कुनी मोजतं व्हय?" असं म्हणत त्यांनी वाटेतल्या झाडाला हात घातला आणि तोडलेली पानं तिच्या ओंजळीत टाकली. राजनंदिनी बांधावर बसून मोजू लागली. सतरा निघाली.

"अजून एकदा, काकू."

दुसऱ्या मुठीत एकोणीस होती, तिसरीत पुन्हा सतरा.