सगळ्या राजधान्या तोंडपाठ

त्या गृहस्थांना सगळे ज्ञानकोश म्हणत. हे नाव विमा कचेरीतल्या सहकाऱ्यांनी चेष्टेनं ठेवलं होतं आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं होतं. चेष्टा आणि सत्कार यांतला फरक हा सामान्यज्ञानाचा विषय नाही, त्यामुळे तो त्यांच्या अभ्यासक्रमात आलाच नव्हता.

बाकी मात्र सगळं आलं होतं. बुर्किना फासोची राजधानी? वागाडुगू. झोपेतून उठवून विचारा. खरं तर विचारायचीही गरज नसे, झोपेतून उठले की ते आपणहूनच सांगत. लिफ्टमध्ये कुणी नुसतं "आज फार उकडतंय नाही?" म्हणालं, तरी सेल्सियसच्या मूळ तापमापकावर पाणी शून्याला कसं उकळायचं आणि शंभराला कसं गोठायचं, हे ऐकल्याशिवाय त्याची चौथ्या मजल्यावर सुटका होत नसे. इमारतीतल्या लोकांना हल्ली जिन्याचा व्यायाम आवडू लागला होता, त्यामागं हे कारण होतं.

निवृत्त झाल्यावर कचेरीतले श्रोते सुटले आणि सगळा भार बायकोवर आला. शेजारीपाजारी तिला काकू म्हणत. काकूंनी संयुक्त राष्ट्रांच्या सगळ्या सभासद देशांच्या राजधान्या भाजी चिरता चिरता ऐकल्या होत्या. त्यावर त्या फक्त "हं" म्हणत. ज्ञानकोशांना हा "हं" म्हणजे जिज्ञासा वाटे. आता चाळीसेक वर्षांच्या संसारात माणसानं "हं" ला "हं" म्हणूनच ओळखायला हवं होतं, पण आपली पाठ आपल्याला दिसत नाही.

तर झालं असं, की दिवाणखान्यातला पंखा दुरुस्त करायला वायरमन आला होता. तो स्टुलावर उभा, दोन्ही हात पंख्यात अडकलेले, म्हणजे पळून जाण्याची सोय नाही. असा श्रोता ज्ञानकोशांना क्वचितच मिळे. त्याच्या हातून एक स्क्रू खाली पडला आणि ज्ञानकोशांनी तेवढ्यावर गॅलिलिओला बोलावलं.

"जड वस्तू आधी पडते की हलकी?"

"साहेब, जरा तो स्क्रू द्या ना."

"देतो. आधी सांग."

"जड."

"चूक!" ज्ञानकोश आनंदानं ओरडले. त्यांनी एका हातात तो स्क्रू घेतला, दुसऱ्या हातात टेबलावरचा काचेचा ग्लास घेतला, आणि दोन्ही एकदम सोडून दिले.

गॅलिलिओचं म्हणणं खरं निघालं. दोन्ही वस्तू एकदमच खाली पोचल्या. त्यानंतर त्यांतल्या एकीचं काय होतं, याबद्दल गॅलिलिओनं काही लिहून ठेवलेलं नाही, म्हणून ज्ञानकोशांनीही त्याचा विचार केला नव्हता. काकूंनी झाडू आणला, काचा भरल्या, वायरमनला चहा दिला. एक बारीकशी काच मात्र झाडूला चुकवून राहिली होती. ती संध्याकाळी काकूंच्या टाचेत गेली.

"अहो, पाय ठणकतोय," काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

"पायात सव्वीस हाडं असतात," ज्ञानकोश वर्तमानपत्रातून म्हणाले. "एका पायात. त्यातलं नक्की कुठलं?"

"हं," काकू म्हणाल्या, आणि हळद लावून फडकं बांधून कामाला लागल्या.

पुढं त्या लंगडत राहिल्या. ज्ञानकोशांच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. चहा यायला उशीर होतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. मग एके दिवशी सकाळी चहा आलाच नाही. ते चौकशीला स्वयंपाकघरात गेले, तर काकू ओट्याला टेकून जमिनीवर बसलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. पायाचा घोटा कुठं संपतो आणि पोटरी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं, इतकी सूज.

"अगं," ज्ञानकोश म्हणाले. "अगं, अगं." एवढ्या मोठ्या शब्दसंग्रहातून तेव्हा एवढाच एक शब्द हाती लागला.

समोरच्या घरात शिवणक्लास चालवणाऱ्या बाई राहत. हाका ऐकून त्या धावत आल्या. त्यांनी काकूंना खांदा दिला, आठवणीनं काकूंची पर्स उचलली आणि आपली गाडी काढली. ज्ञानकोशांनीही आठवणीनं आपला वाचायचा चष्मा घेतला.

हॉस्पिटलात काकूंना पलंगावर निजवलं. तरुण डॉक्टरीणबाई आल्या, पाय पाहिला, नाडी पाहिली आणि ज्ञानकोशांकडे वळल्या. शिवणक्लासच्या बाई गाडी लावायला गेल्या होत्या.

"वय?"

"बासष्ट," ज्ञानकोश म्हणाले. मग, "त्रेसष्ट असेल."

"शुगर आहे? ब्लड प्रेशर?"

"प्रेशर... गोळ्या घेते बहुतेक."

"कुठल्या?"

"एक पांढरी असते. आणि एक गुलाबी."

डॉक्टरीणबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "रक्तगट?"

हा मात्र येणारा प्रश्न होता. ज्ञानकोश ताठ झाले. "कार्ल लँडस्टायनर. एकोणीसशे एक साली, व्हिएन्नामध्ये. पुढं त्याबद्दल नोबेलही मिळालं त्यांना."

"मी यांचा विचारतेय."

"हो, हो. यांचा... तो बघायला लागेल."

"कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"छे! ठणठणीत आहे हो ती. कधी झोपून राहिलेली मी पाहिली नाही." हे मात्र अगदी खरं होतं, कारण त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नर्सला सांगितलं, "पेनिसिलीन चालू करा," आणि त्या पलीकडच्या रोग्याकडे गेल्या.

तो शब्द कानावर पडला आणि ज्ञानकोशांच्या चेहऱ्यावर तेज आलं. बायको समोर तापानं फणफणतेय, अशा वेळी ओळखीचं माणूस भेटावं तसं त्यांना झालं. नर्स सिरिंज भरून आली, तर हे पलंगाच्या कडेला आडवे उभे.

"सिस्टर, हे औषध कसं सापडलं, माहीत आहे?"

"काका, जरा बाजूला व्हा."

"फ्लेमिंग सुट्टीवर गेला होता. बशा तशाच टाकून. परत येऊन बघतो तर एका बशीत बुरशी! आणि बुरशीच्या भोवती जंतूच नाहीत. आळशीपणातून लागलेला शोध. तुम्ही ही बशी धुवून ठेवली असती, सिस्टर, तर आज—"

"काका, हात सोडा. औषध सांडेल."

"अर्थात ते औषध म्हणून तयार केलं दुसऱ्यांनीच. त्यांची नावं कुणाला माहीत नसतात—"

ती दोन नावं ते सांगणार, तेवढ्यात पलंगावरच्या पर्समध्ये फोन वाजला. पडद्यावर मुलीचं नाव होतं. मुलगी परदेशी असे. तिचं शहर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे ज्ञानकोश सांगू शकत, तिच्याशी बोलायचं काम मात्र काकूंकडे होतं.

"आई, किती वेळा फोन केला! कुठं आहेस?"

"मी बोलतोय. आईला जरा ताप आहे. हॉस्पिटलात आणलंय. काळजी करू नकोस, पेनिसिलीन देतायत. आत्ता मी सिस्टरना फ्लेमिंगचंच—"

"काय देतायत?"

"पेनिसिलीन. एकोणीसशे अठ्ठावीस साली—"

"बाबा, थांबवा त्यांना! आईला चालत नाही ते! बाबा, ऐकताय ना? फोन सिस्टरकडे द्या. आधी फोन द्या!"

ती इतक्या जोरात ओरडली की फोन द्यायची गरजच पडली नाही. नर्सनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, फोन घेतला, पाच-सहा वाक्यं बोलल्या, ऐकलं, औषध बदलून लिहिलं. मग फोन परत देताना म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणालात, काही नाही म्हणून."

"माझ्या माहितीप्रमाणे..."

"तुमची माहिती मोठी आहे, काका. आता ती घेऊन बाहेर बसा."

ज्ञानकोश बाहेरच्या बाकावर बसले. मुलगी अजून फोनवर होती. "मी शाळेत होते तेव्हा," ती सांगत होती, आणि आता तिचा आवाज खाली आला होता, "आईचा चेहरा सुजला होता, श्वास घेता येईना. रात्रंदिवस आपण हॉस्पिटलात होतो, बाबा. तुम्हीही होता."

"हो?"

"हो," मुलगी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मन थाऱ्यावर आणायचा ज्ञानकोशांचा एक जुना उपाय होता. ते दक्षिण अमेरिकेतले देश राजधान्यांसकट म्हणत. अर्जेंटिना, ब्युनोस आयर्स. पॅराग्वे, असुन्सिओन. सुरिनाम, पारामारिबो. आणि तिथं ते अडकले. पुढचं आठवेना म्हणून नव्हे. हे सगळं कुठं पाठ केलं, ते एकाएकी आठवलं म्हणून. असाच बाक, असाच औषधाच्या वासाचा कॉरिडॉर. मांडीवर मुलगी पालथी झोपलेली. दार उघडून कुणीतरी बाहेर येत होतं, काहीतरी सांगत होतं, आणि त्यांनी मान डोलावली होती. नकाशाचं पुस्तक मांडीवर मावत नव्हतं, तेव्हा ते ठेवायला मुलीची पाठ बरी सोयीची पडली होती.

त्यांनी उरलेले देश म्हटले नाहीत. शिवणक्लासच्या बाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "होईल हो बरं." ज्ञानकोशांनी त्यांना कुठलीही माहिती दिली नाही. बाई घाबरल्या. काकूंची तब्येत फारच बिघडली असावी, असं त्यांना वाटलं.

काकू बऱ्या झाल्या. टाचेतली काच निघाली, सूज उतरली, त्या घरी आल्या. माणसं भेटायला येऊ लागली. आता एवढं होऊन गेल्यावर माणूस बदलतो असं आपल्याला वाटतं. बदलतो, पण अभ्यासाची सवय जात नाही. ज्ञानकोशांनी काकू हा नवा विषय घेतला. "तुझा रक्तगट?" "बी पॉझिटिव्ह." "गुलाबी गोळी कशाची?" "प्रेशरची." "आणि पांढरी?" "झोपेची." "झोपेची? कधीपासून?" "तुम्ही निवृत्त झालात तेव्हापासून." हेही त्यांनी पाठ केलं, आणि आल्यागेल्याला काकूंच्या देखत धडाधड म्हणून दाखवू लागले. वर शेवटी सांगत, "मी सिस्टरना फ्लेमिंगची गोष्ट सांगत राहिलो, म्हणून तर वेळ मिळाला. नाहीतर काय झालं असतं!"

पाहुणे काकूंकडे बघत. आणि ते खरंच होतं, त्याला काय करणार? नवऱ्याच्या ज्या बडबडीनं आयुष्य खाल्लं, तिनंच ते वाचवलं. देवानं न्याय करायचा ठरवला तरी इतका वाह्यात करू नये.

पाहुणे गेल्यावर एकदा काकू म्हणाल्या, "मी लेकीकडे जाऊन येते. तिकीट तिनं काढलंय."

"मग मीही येतो की. ते शहर पाहण्यासारखं आहे. तिथला जुना पूल—"

"तुम्हाला सगळं माहीतच आहे तिथलं," काकू म्हणाल्या. "परत बघून काय करणार?"

त्या हे रागानं म्हणाल्या असत्या तर ज्ञानकोशांना उत्तर सुचलं असतं. त्या बॅगेत स्वेटर घडी करून ठेवत होत्या.

काकू गेल्या. घरात ज्ञानकोश आणि जगभरातली सगळी माहिती, असे दोघंच उरले. साखर कुठल्या डब्यात आहे, ही माहिती त्यात नव्हती. गॅसवर दूध ठेवायचे आणि उतू गेल्यावर पुसायचे. बोलायला भिंती होत्या, पण भिंती "हं" सुद्धा म्हणत नाहीत.

एके दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. "जेवलात का?"

"जेवलो." मग ते म्हणाले, "तिथं आत्ता सकाळ असेल." मग घसा खाकरून म्हणाले, "तू दिवसभर काय करतेस तिथं?"

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?" काकूंचा आवाज एकदम बदलला. "ताप नाही ना? समोरच्या बाईंना फोन करू का?"

"नाही गं. ठीक आहे मी."

"मग असं काय विचारताय?"

"सहज."

माहिती येतेय का म्हणून काकूंनी थोडा वेळ वाट पाहिली. आली नाही. तेव्हा त्या जरा चाचरत म्हणाल्या, "मी पोहायला शिकतेय."

"तू?"

"इथं बायकांसाठी वेगळी वेळ असते. परवा पहिल्यांदा पाय सोडले वर. काठ सोडून. आणि बुडलेच नाही हो. पाण्यानं आपोआप उचललं."

आर्किमिडीज ज्ञानकोशांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला होता, तोही ओलेत्यानं. त्यांनी तो कसाबसा गिळला.

"भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली की," काकू म्हणाल्या. "बसलाय का तुम्ही? बसा. सांगते."