गॅलरीतला आकडा

गुरुवारी दुपारी इंदुताई आरशासमोर पदराला पिन लावत होत्या आणि चारुलता फोन हातात धरून फोटोची वाट पाहत होती. फोटो आल्याशिवाय आईने घराबाहेर पडायचं नाही, असं मायलेकींचं ठरलेलं होतं.

नामपल्लीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी भजन असे. संधिवाताच्या औषधांनी इंदुताईंची प्रतिकारशक्ती पार खालावली होती. साधा फ्लूसुद्धा झेपला नसता. म्हणून चारुलताने मंडळाला एक छोटं यंत्र दिलं होतं. बंद खोलीत माणसांनी सोडलेला श्वास किती साठलाय, ते आकड्यात दाखवणारं. आकडा आठशेच्या वर गेला की ते ओरडे. मग खिडक्या उघडायच्या. मंडळी जमून भजन सुरू झालं की मंडळाचे उदयकाका यंत्राचा फोटो पाठवत आणि मगच आई निघे.

फोन वाजला. ‘५२०. बिनधास्त पाठव, बेटा.’

"आला का गं तुझा परवाना?"

"आला. मास्क घे."

"मास्क लावून भजन म्हणू? देव म्हणेल, ही कोण दरोडेखोर?"

"मग खिडकीजवळ तरी बस."

"हौ, अम्माजान!" म्हणत इंदुताई हसत हसत ऑटोत बसल्या.

रविवारी त्यांना ताप भरला. छाती कफाने भरली, दवाखाना झाला, आणि पुढच्या भजनाच्या आत त्या गेल्या.

शोकसभा त्याच हॉलमध्ये होती. एसी चालू, खिडक्या कड्या घालून बंद. चारुलताची नजर सवयीने भिंतीकडे गेली. खिळा होता, यंत्र नव्हतं. जीव घुसमटला म्हणून ती गॅलरीत आली, आणि तिथे, गुलाबी सदाफुलीच्या कुंडीच्या वर, यंत्र टांगलेलं दिसलं. मोकळ्या हवेतला आकडा दाखवत होतं.

तिने फोन काढला. काकांच्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक गुलाबी पाकळी होती. ती आजवर फक्त आकडा वाचत आली होती.

मागून उदयकाका चहा घेऊन आले. तिने यंत्राकडे बोट दाखवलं.

"आत सारखं बोंबलायचं, बेटा. खिडक्या उघडल्या की रस्त्याचा गलका आत. भजनाचा रंगच जायचा."

"आईला माहीत होतं?"

काकांनी कप कठड्यावर ठेवला. "तीच म्हणाली, उदय, बाहेर टांग त्याला. चारूला काय, आकडा मिळाला की झालं."

आणि घरी हीच आई दर गुरुवारी विचारायची, किती आला गं आज?

चारुलताने यंत्र गॅलरीतून काढलं, आत नेलं आणि आईच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवलं. मंडळी ताईंचं आवडतं भजन म्हणू लागली. आकडा चढत गेला. दुसऱ्या कडव्याला यंत्र ओरडू लागलं.

"बंद कर गं ते," कुणीतरी कुजबुजलं.

तिने केलं नाही. एकेक आवाज थांबला. औषधं घेतलीस का, मास्क घे, खिडकीजवळ बस. आईशी ती एवढंच बोलत आली होती.

"फसवलंस मला, आई," भरल्या हॉलमध्ये ती मोठ्याने म्हणाली. "आकडा कशाला हवा होता गं मला? तू हवी होतीस."