उजवीकडे आखूड

आमचे मेव्हणे शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. नोकरी कायम व्हायची तर तपासायला येणाऱ्या साहेबांसमोर एक पाठ द्यायचा होता. विषय त्यांनीच निवडला: बेडकाचं जठर. वाईट चवीचा किडा पोटात गेला, की बेडूक अख्खं जठर तोंडातून बाहेर काढतो, हाताने पुसतो आणि परत गिळतो. मी थापा मारतो हे जगाला ठाऊक आहे, पण ही त्यातली नव्हे.

शाळेतलं प्लास्टरचं जठर काही उलटेना. म्हणून माझी धाकटी बहीण, म्हणजे त्यांची बायको, विणायला बसली. सगळ्यात आत गुलाबी लोकरीचं घड्याघड्यांचं अस्तर, त्यावर सैल जाळी, मग स्नायूंचा जाड थर, वर पातळ पापुद्रा. जठर ज्यांनी टांगलेलं असतं त्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांतून तांबड्या रोहिण्या आणि निळ्या नीला येऊन जाळीत शिरायच्या. इतकं हुबेहूब, की शेजारचं मांजर त्याला पाल भरवायला आलं.

फक्त उजवा पडदा आखूड पडला. मेव्हणे भडकले. साहेब हसतील, उसव आणि परत विण, म्हणाले.

“अहो, लोकर संपली,” धाकटी म्हणाली. “आणि बेडकाचं पोट कोण फूटपट्टी घेऊन मोजणार आहे?”

पाठाच्या दिवशी मेव्हण्यांनी पुठ्ठ्याच्या बेडकाच्या तोंडातून जठर उलटं ओढलं. ते उजव्या गालाशी लोंबकळलं.

“वाकडं का हो हे?” साहेबांनी विचारलं.

मेव्हण्यांच्या डोळ्यांपुढून पगार बेडकासारखा उड्या मारत निघाला. तेवढ्यात टेबलावर आणून ठेवलेल्या काचपेटीतल्या खऱ्या बेडकाला सकाळचा किडा बाधला. त्याने जठर बाहेर काढलं, तेही उजव्याच गालाशी. उजव्या हाताने ते नीट पुसलं आणि गिळून टाकलं. साहेब पेटीवर वाकले, मग लोकरीवर.

“उजवा पडदा आखूड असतो, साहेब,” मेव्हणे म्हणाले. “रक्तवाहिन्यांसकट.”

बेडकाने मान डोलावली. मागच्या बाकावरून पाहिलंय मी.

नोकरी कायम झाली. “मला हे आधीपासून माहीत होतं,” असं मेव्हण्यांनी घरी सांगितलं. मग उसवायला कशाला लावत होता, एवढंच धाकटीने विचारलं.

तेव्हापासून लोकर आणायला पाठवलं, की मेव्हणे एक गुंडा हटकून कमी आणतात. शुभ असतं म्हणे. माझ्या स्वेटरची उजवी बाही कोपरापर्यंतच आहे.