तापलेला निरोप

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या दूध शीतकरण केंद्रात वॉचमनपासून सगळ्यांना माहीत आहे. तरीही 'कर्मचाऱ्यांमधील राग आणि वाद कसे हाताळावेत' या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला साहेबांनी नेमकं मलाच पाठवलं. घरी सांगितलं तर दमयंती, आमच्या सौभाग्यवती, पोळ्या लाटता लाटता हसायला लागल्या. "आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवणारा माणूस आता लोकांचा राग आवरणार!" मी ताट सरकवलं नाही. सरकवावंसं मात्र वाटलं.

आमचं केंद्र केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला आहे. मी तिथला सुपरवायझर. रिटायर व्हायला सव्वा वर्ष उरलंय. घरापासून स्कूटरवर सात मिनिटं. आणि या वयात माझ्या डोक्याला ताप म्हणजे दोन माणसं, गोरक्ष आणि अवधूत.

गोरक्ष धक्क्यावर दूध उतरवून घेतो. कोणत्या टाकीत किती दूध सोडायचं, ते त्याच्या हातात. अवधूत लॅबमध्ये. दूध तपासायचं, टाक्यांचं तापमान बघायचं, ते त्याच्याकडे. दोघांमध्ये एक काच आणि बारा पावलं. दिवसातून पन्नास वेळा एकमेकांना काही ना काही सांगावं लागतं, आणि खंडेनवमीपासून दोघांचं बोलणं बंद.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते आणि ती दरवर्षी गोरक्षच करतो. मोटर, पंप, वजनकाटा, सगळ्यांना हळदकुंकू लावत तो लॅबमध्ये शिरला. तिथे आठच दिवसांपूर्वी दूध तपासायचं नवीन मशीन आलं होतं. नव्या मशीनचा मान मोठा, म्हणून त्याने नारळ तिथेच, अगदी त्याच्यासमोर फोडला. पाणी थेट मशीनमध्ये. मशीन बंद. अवधूत सगळ्यांसमोर ओरडला, "अडाणी आहेस का रे तू?" गोरक्ष हातातली नारळाची कवड खाली न ठेवता म्हणाला, "पानी चालत न्हाई तर दुधातलं पानी कसं हुडकतंय मग हे?" सगळे खो खो हसले. अवधूतला मशीनपेक्षा ते हसणं लागलं.

तेव्हापासून एकमेकांचे मोबाईल ब्लॉक आणि निरोप्या मी. "काका, त्या नारळफोड्याला सांगा, कॅनचे नंबर माणसाला वाचता येतील असे लिही." "आण्णा, त्या काचेच्या बरणीला म्हनावं, भाईर येऊन दोन कॅन उचल, मग कळंल." मी पडलो शांतताप्रिय, म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत. निरोप चाळून पुढे द्यायचो. शिव्या वर राहायच्या, कामाचं तेवढं खाली पडायचं. संक्रांतीला तर गोरक्ष पाच मिनिटं बडबडत होता. त्यातलं 'टँकर लवकर सोडा' एवढंच मी लॅबमध्ये सांगितलं. माझ्या चाळणीचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

पण साहेबांच्या कानावर गेलंच. रविराजसाहेब माझ्या मुलापेक्षा लहान आहेत, पण बोलणं तुकडे पाडणारं. "आठ दिवसांत दोघांना बोलतं करा. खर्ड्याच्या संकलन केंद्राला सुपरवायझर हवाच आहे. नाही जमलं तर तुम्ही जा." खर्डा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज जाऊन-येऊन करणं माझ्या वयात अशक्य. दमयंतीच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलेलं, मुलगा परगावी, घरात दुसरं कोणी नाही. भांडायचं दोघांनी आणि वनवास मला! दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. ज्याने म्हटलं त्याने सुपरवायझरकी केली नसावी.

त्याच आठवड्यात ते प्रशिक्षण झालं. दुपारी जेवण चांगलं होतं. शिकवणाऱ्या बाईंचं एकच वाक्य माझ्या डोक्यात बसलं. तापलेला निरोप तसाच पुढे देऊ नका. कागदावर लिहा, खिशात ठेवा, अर्ध्या तासाने वाचा. निवलेला असेल.

मी ते मनापासून करायला लागलो. दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला, तर दोघंही माझ्याशीच बोलले. कामाच्या जोड्या बदलून पाहिल्या, तर दुसरेही वैतागले. सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी, शुक्रवारी, चारच्या सुमाराला अवधूत तणतणत माझ्या टेबलाशी आला.

"काका, दोन नंबर टाकीचं कूलिंग धरत नाहीये. चार डिग्री पाहिजे तिथे साडेआठ दाखवतंय. संध्याकाळचं दूध त्यात घेऊ नको म्हणावं त्या नारळफोड्याला. डोकं असेल तर कळेल, नसेल तर आणखी एक नारळ फोड म्हणावं!"

माझं टाळकं सरकलं. उद्या आठवा दिवस, आणि हा नवीन नारळ काढतोय! उठून दोघांच्याही कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण बाईंचं वाक्य आठवलं. मी निरोप चिठ्ठीवर लिहिला आणि डेअरीच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवला. अर्ध्या तासाने, निवल्यावर, नारळ वगळून सांगू. संध्याकाळच्या दुधाला अजून दोन तास होते.

तेवढ्यात फाटकावर दोन दूधवाल्यांची रांगेवरून जुंपली. ते सोडवतोय तोवर साहेबांचा फोन आला, "काय झालं तुमच्या जोडीचं?" त्या फोनने माझं उरलंसुरलं डोकं खाल्लं. सहाला कोट खुंटीला अडकवला आणि घरी गेलो.

शनिवारी सकाळी टँकर भरायला लागला. अवधूतने दोन नंबरचं दूध नेहमीसारखं परीक्षानळीत उकळून पाहिलं आणि काचेतूनच ओरडला. दूध फाटलं होतं. चार हजार लिटर. कालचं संध्याकाळचं सगळं दूध गोरक्षने त्याच टाकीत सोडलं होतं.

दोघंही माझ्यासमोर येऊन उभे राहिले. एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि तोंडं माझ्याकडे.

"काका, यांना विचारा, सांगूनसुद्धा त्या टाकीत दूध का घेतलं?"

"आण्णा, त्यास्नी इचारा, कवा सांगितलं?"

"काका, यांना म्हणावं, मुद्दाम केलंय हे."

"आण्णा, त्यास्नी म्हनावं, तोंड सांभाळ!"

माझा बांध फुटला. सव्वा वर्षात गप निघून जायचं होतं मला. दमयंतीचा गुडघा, खर्डा, पाच महिन्यांचे निरोप, सगळं एकदम तोंडाशी आलं. "गप्प बसा दोघं!" मी इतक्या जोरात ओरडलो की टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला. "पोरं आहात का? तुमच्या एका नारळापायी माझं म्हातारपण नासलं! आणि गोरक्ष, तुला एवढं बजावून..."

"कवा?" गोरक्ष म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने. "आण्णा, तुमी कवा बजावलं?"

मी हात कोटाच्या खिशात घातला, घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून. रुमालाआधी चिठ्ठी हाताला लागली.

माझा हात खिशातच राहिला. अवधूत माझ्याकडे बघत होता. मग त्याने मान वळवली आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा गोरक्षकडे पाहिलं.

"तुला काकांनी काल काहीच सांगितलं नाही?"

"देवाशप्पत न्हाई. सांगितलं असतं तर मी घेतलं असतं व्हय त्यात दूध?"

"साडेआठ डिग्री होतं. मी चार वाजताच सांगितलं होतं."

"मला न्हाई कळलं." गोरक्ष थांबला. मग म्हणाला, "तसं तर संक्रांतीला मीबी मापी मागितली हुती तुझी. ती तरी कुटं कळली तुला?"

"कधी?"

"आण्णांकडं सांगितली हुती. म्हनलं, त्या येड्या बरणीला सांगा, माझं चुकलं. मशीनची मला काय अक्कल! पर चारचौघांत अडाणी म्हनाया नगं हुतं. तिळगूळबी दिला हुता पुडीत."

ती पुडी मला आठवली. 'येड्या बरणीला' एवढं ऐकूनच मी तो निरोप चाळणीवर ठेवून दिला होता. माफी कुठे होती ते बघितलंच नाही. तिळगूळ टेबलाच्या खणात होता आणि तो मीच खाल्ला होता. लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फोन वाजला. रविराजसाहेब. बातमी त्यांना माझ्याआधी गेली होती.

"चार हजार लिटर! कोणाची चूक? मला एक नाव सांगा."

गोरक्षचं नाव अगदी जिभेवर होतं. टाकीत दूध त्याने सोडलं, वही त्याच्या सहीची. साहेबांनी डोळे मिटून मान्य केलं असतं आणि मी सव्वा वर्ष केडगावातच काढलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला एक शब्द पुरला असता. समोर ते दोघं उभे होते, आणि आता दोघंही माझ्याच तोंडाकडे बघत होते.

"माझी," मी म्हणालो. "अवधूतने वेळेवर सांगितलं होतं. गोरक्षपर्यंत मीच पोचवलं नाही. चिठ्ठी माझ्या खिशात आहे."

"आणि त्यांचं भांडण?"

"ते मिटलं, साहेब."

"मग सोमवारी खर्ड्याला हजर व्हा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी खुर्चीत बसलो. टाकी रिकामी करायची होती, धुवायची होती. गोरक्ष दारात आला. "आण्णा, त्याला सांगा, धुतल्यावर एकदा तापमान..." म्हणाला आणि मध्येच थांबला. मग वळला, बारा पावलं चालत गेला आणि लॅबच्या काचेवर टकटक केलं. आतून अवधूतने काच सरकवली. ते काय बोलले, मला ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती.

मी मोबाईल काढला आणि दमयंतीला फोन लावला. हा निरोप खिशात ठेवून चालणार नव्हतं.