आपोआप भरणारी टाकी

२०१७ च्या हिवाळ्यात चिखल्याला रतनशेठच्या चिकूवाडीसमोर रोज नारळ फुटत होते. मधोमध त्यांच्या वडिलांची चौसष्ट सालची मोटार आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून टाकीबाबा.

झालं असं, की शेठनी अच्छाडच्या एका दुकानात मोटारीला पेट्रोलचा नवा काटा बसवला. टाकी भरलेली, काटा मात्र तळाला. दुकानासमोरच बसलेले बाबा म्हणाले, "मी भरतो." त्यांनी फुंकर मारली आणि गाडी जसजशी धावली तसतसा काटा चढत गेला.

"लोक पेट्रोल जाळतात, आम्ही पिकवतो," बाबा सांगत. "फक्त टाकीत काठी बुडवून मोजू नका. विटाळ होतो."

शेठनी वीस वर्षांची काठीची सवय सोडली, पेट्रोल भरणंही सोडलं. मी एकदा काठी बुडवू का म्हणून विचारलं.

"मास्तर, तुमचं सायन्स शाळेत ठेवा," शेठ म्हणाले. मी ठेवलं, याची आजही लाज वाटते.

मग त्यांच्या सुनेला, नूतनला, कळा सुरू झाल्या. काटा फुल बघून शेठ डहाणूला निघाले. नरपडच्या पुढे मोटार आचके देऊन थांबली. नूतन विव्हळत होती आणि शेठ बाबांना फोन लावत होते. फोन बंद. चिकूचा टेम्पो नेणाऱ्या शुक्राने तिला क्रेटशेजारी बसवून दवाखान्यात पोचवलं. मुलगी झाली. अर्धा तास उशीर झाला असता तर बाळ हाती लागलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बारशाला बाबा आशीर्वाद द्यायला हजर. शुक्राने सगळ्यांदेखत, ओढून घरी आणलेल्या मोटारीच्या टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ गोळा, बाहेर काढून वायरी जोडल्या. गोळा वर उचलला, काटा खाली आला. सोडला, काटा फुल.

"टाकी भरली का जुना फ्लोट करंटला जास्त अडवतो," शुक्रा म्हणाला. "नवा काटा उलट्या हिशोबाचा. जास्त अडवलं का त्याला टाकी रिकामी वाटते. दोघांची जोडी जमत नाय. बाबा त्या दुकानासमोरच बसतो, असे चार काटे त्याने बघितलेत."

"भक्ताची श्रद्धा उलटी, म्हणून काटा उलटा," बाबा म्हणाले.

नूतन बाळाला घेऊन पुढे आली. "काटा अजून फुल आहे, बाबा. ही किल्ली. अच्छाडपर्यंत चालवून दाखवा."

बाबांनी किल्लीकडे पाहिलं आणि ते चपला शोधू लागले.

मला बाबापेक्षा आमचाच राग जास्त येतो. टाकीचं झाकण उघडून आत बघायला एक मिनिट लागलं असतं. आम्ही महिनाभर हात जोडून उभे राहिलो, आणि त्या एका मिनिटाची किंमत ही पोर मोजणार होती.