द्राक्षांच्या उतारावरचा नियम

सातवी फेरी संपवून बाबा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले आणि त्यांनी भिंतीला हात लावला. आधारासाठी नाही असं दिसावं म्हणून पंजा सपाट ठेवला, भिंतीला ओल आलीये का बघावं तसा.

"साहेब, सात झाले," खालच्या पायरीवर बसलेला धाकू म्हणाला. "आता बसा जरा. तो जर्मन काय पळान जावचो नाय."

"अकरा म्हणजे अकरा," बाबा म्हणाले.

"बरा. मी आपलो मोजतंय."

धाकू आमच्या मुलुंडच्या इमारतीचा वॉचमन. आधी गिरणीत होता. संपात गिरणी गेली तसा इथे आला. मोजायचं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून घेतलं होतं. चार मजले, लिफ्ट नाही. जिन्यात भेटणारे शेजारी विचारत, "काय मधुकरराव, खाली काही राहिलं काय?" बाबा हसून बाजूला होत आणि श्वास लागलेला दिसू नये म्हणून उत्तर देत नसत.

तो १९८६ च्या फेब्रुवारीतला रविवार होता. मी वर दारात उभी राहून ऐकत होते. नंतर पुष्कळदा वाटलं, त्या दिवशी काहीतरी वेगळं असायला हवं होतं. तसं काही नव्हतं. आईने वालाचं बिरडं केलं होतं. मी शिकवत होते त्या कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली दोन पुस्तकं वाचायची ठरवून वाचली नव्हती.

बाबा मुलुंडच्याच एका कारखान्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. कारखान्याचा एका जर्मन कंपनीशी करार होता. १९६१ साली एक मोठं मशीन बसवायला ब्रेम नावाचे इंजिनिअर आले आणि आठ महिने राहिले. दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवत. मी तेव्हा पाच वर्षांची होते. मला त्यांचे फक्त बूट आठवतात, दाराबाहेर काढलेले, आमच्या सगळ्यांच्या चपलांपेक्षा मोठे. ते परत गेले, पण दरवर्षी नाताळात पत्र येई, साध्या इंग्रजीत. मोझेल नावाच्या नदीकाठी त्यांचं गाव होतं. दोन्ही बाजूंचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले, प्रत्येक पायरीला दगडी बांध आणि बांधावर द्राक्षवेली. घरची वाइन. बाबा रिटायर झाले त्या वर्षी ब्रेमनी लिहिलं: ऑक्टोबरात द्राक्षं काढतात, तेव्हा या. गावागावांना जोडणाऱ्या पायवाटा आहेत, बांधांवरून जाणाऱ्या. आपण दोघं चार दिवस चालू. सोबत नकाशा होता आणि तिथल्या भ्रमण मंडळाचं जर्मन पत्रक.

माणसं नकाशा भिंतीला लावतात. बाबांनी त्याचा उभा छेद काढला. समान उंचीच्या रेषा मोजून त्यांनी ट्रेसिंग पेपरवर चार दिवसांची अख्खी वाट उभी केली. कुठे किती चढ, कुठे उतार, कुठे लोखंडी शिडी. नदीपासून सगळ्यात वरच्या बांधापर्यंत एकशे तीस मीटर. आमची इमारत बारा मीटर. म्हणून अकरा फेऱ्या.

अकरावी फेरी करून ते आले तेव्हा धाकूही मागोमाग वर आला. आई त्याला चहा देई.

"वैनीनुं, थय द्राक्षां खावक घालतत काय हेंका?" धाकूने विचारलं.

"खायला कसली? त्याची दारू करतात," आई म्हणाली.

"चांगली द्राक्षां कुसवून दारू, आणि ती बघूक साहेब जिने चढतत!" धाकू बशीत चहा ओतत म्हणाला. "आमच्याकडे काजूची काढतत. डोंगर पण आसा. माज्या गावाक चला, पासपोर्ट नको."

"तुझ्या गावच्या डोंगराचा नकाशा आण," बाबा म्हणाले. "मग बघू."

"नकाशो? माका पाठ आसा ना."

बाबा मोठ्याने हसले. हसताना त्यांनी टेबलाची कड धरली आणि हसणं संपल्यावरही ती सोडली नाही. ते फक्त मी पाहिलं, कारण मी तेच बघत होते.

जानेवारीत दोनदा असं झालं होतं. एकदा गच्चीच्या जिन्यात ते बसलेले सापडले, डोळे मिटून. "ऊन लागलं," म्हणाले. जिन्यात ऊन येत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, डॉक्टर पहिल्यांदा जिने बंद करील. "आईला सांगू नकोस गं. ती ऑक्टोबरपर्यंत हेच घेऊन बसेल." मी सांगितलं नाही. मुलगी म्हणून मी बापाच्या बाजूची आहे, असं घरात सगळेच मानत आणि मला ते आवडत असे.

जेवण झाल्यावर त्यांनी पत्रक काढलं. "चल, आज हे संपवू. तू वाच, मी लिहितो."

मी कॉलेजात असताना त्यांनीच मला जर्मनच्या वर्गाला घातलं होतं. त्यांना स्वतःला दोनेकशे जर्मन शब्द येत, सगळे ड्रॉइंगवरचे: खिळा, खाच, जाडी, गुळगुळीत, उजवीकडे फिरवा. पत्रकात त्यातला एकही नव्हता. मी वाचून मराठीत सांगायची आणि ते ड्राफ्ट्समनच्या सरळ, सुट्या अक्षरात उतरून घ्यायचे. पहिला दिवस, दुसरा दिवस. बांधांवर सरडे दिसतात, त्यांना पकडू नये. वेलींची फळं तोडू नयेत. तिसरा दिवस त्यांचा आवडता होता. तिथे वाट कड्यावरून जात होती, बाजूला तारेचा दोर, दोन शिड्या. खाली चौकटीत दोन ओळी होत्या: ज्यांना उंचीवर भोवळ येत नाही त्यांनीच या वाटेने जावं, इतरांनी नदीकाठच्या रस्त्याने.

मी त्या ओळी मनात दोनदा वाचल्या. हे जसंच्या तसं सांगितलं तर काय होईल, ते मला माहीत होतं. ते म्हणणार, "मला कुठे येते भोवळ?" आणि संध्याकाळी आणखी दोन फेऱ्या घालणार. बाबांना स्वतःचं आजारपण पटत नसे, डॉक्टरचं म्हणणं पटत नसे. नियम मात्र पटे. छत्तीस वर्षांत त्यांनी कारखान्यातली पिवळी रेघ कधी ओलांडली नव्हती, मशीन बंद असतानासुद्धा.

"सूचना," मी म्हणाले. "साठ वर्षांवरील व्यक्तींना या पायवाटांवर प्रवेश नाही."

पेन थांबलं.

"तिसऱ्या दिवसाच्या?"

"सगळ्या."

"लेखी आहे?"

"हो."

"कुठे?"

मी चौकटीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून कागद जवळ घेतला.

"आकडा दिसत नाही."

"अक्षरात लिहिलाय."

ते बराच वेळ माझ्या बोटाखालच्या शब्दांकडे बघत राहिले. मग त्यांनी तोही मजकूर उतरवून घेतला, बाकीच्या अक्षरांइतकाच सरळ, आणि पेनाला टोपण लावलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तिथेही साठच."

जूनमध्ये त्यांना एकसष्टावं लागलं होतं. साठाव्या वाढदिवसानंतरच्या महिनाअखेरीला कारखान्याने त्यांना हार घातला होता. इथल्या गेटवर जे झालं तेच तिथल्या डोंगरावर व्हावं, यात त्यांना काही विचित्र वाटलं नाही. मला वाटलं होतं ते चिडतील, ब्रेमना विचारतो म्हणतील, आणि मग मी हळूच वाट काढेन. ते चिडले नाहीत.

चार वाजता चहाला आईने विचारलं, "अहो, संध्याकाळच्या फेऱ्या नाहीत आज?"

"रद्द. नियमात बसत नाही."

"कसला नियम?"

"वयाचा."

आईने कप खाली ठेवला. एरवी याच प्रवासाची ती इतकी टर उडवायची. "मग खालून बघा," ती म्हणाली. "डोंगर काय, खालूनही दिसतात. इतकं ठरवलंय तर जाऊन तरी या."

"पाणीच बघायचं तर पवईला जाऊ आपण. बसने," बाबा म्हणाले. "तू पण चल."

तेव्हा मी बोलू शकले असते. मी कपबशा उचलल्या आणि विसळायला गेले. आठवडाभराने सांगू, असं मनात होतं. आधी डॉक्टरकडे नेऊ, गोळ्या सुरू होऊ देत, मग म्हणू की वाचताना चुकले. नीट विचार केलेली योजना होती. मी तशी विचारी म्हणूनच ओळखली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबा दुधाच्या केंद्रावर गेले. रांगेत त्यांच्यापुढे दोघं होते. ते खाली बसले, मग आडवे झाले. सपाट रस्त्यावर. धाकू चारही मजले धावत वर आला आणि दारात उभा राहिला. आईने त्याच्या हातातली दुधाची रिकामी पिशवी घेतली आणि तिला कळलं.

*

ब्रेम नोव्हेंबरात आले. कारखान्यात नवीन मशीन बसणार होतं आणि ते बसवणाऱ्या मंडळींबरोबर त्यांनी स्वतःला आग्रहाने पाठवून घेतलं होतं. उंच, वाकलेले, पांढरे. त्यांनी बूट दाराबाहेर काढले. आईने त्यांना थालीपीठ केलं. ती पंचवीस वर्षांपूर्वी शुक्रवारी करायची तसं, मिरची कमी घालून. धाकू दाराशी स्टुलावर बसला होता. त्याला ऊठ म्हणायची कुणालाच इच्छा नव्हती.

त्यांचं इंग्रजी अडखळत होतं. मला जर्मन येतं हे आठवल्यावर ते जर्मनवरच आले आणि मी मधे बसून दोन्हीकडचं सांगू लागले.

"हे म्हणतात, थालीपीठ तेव्हासारखंच आहे."

"त्यांना म्हणावं, आणखी एक घ्या."

"हे म्हणतात, बाबांसारखी रेघ काढणारा माणूस त्यांना पुन्हा भेटला नाही."

आईने मान हलवली. "रेघ सरळच होती त्यांची," ती म्हणाली. याचं मी भाषांतर केलं नाही.

मग ब्रेमनी कोटाच्या आतल्या खिशातून एक एअरोग्राम काढला. त्यावर बाबांचं अक्षर होतं. तारीख त्या रविवारची. माझी तार पोहोचल्यावर आठ दिवसांनी ते त्यांना मिळालं होतं. हे पत्र मला माहीत नव्हतं. बहुधा मी कपबशा विसळत होते तेव्हा लिहिलं असावं आणि सकाळी दुधाला जाताना पेटीत टाकलं असावं. ब्रेमनी ते माझ्या हातात दिलं. बाबांच्या इंग्रजीत लिहिलं होतं: नियम समजला. मला साठ पूर्ण होऊन गेली आहेत. माझ्यासाठी अपवाद करण्याची विनंती आपण कृपया कुणालाही करू नये, त्यामुळे आपल्याला तिथल्या अधिकाऱ्यांपुढे अवघड होईल. वाटेचा छेद काढून पूर्ण झाला आहे. तो वेगळा पाठवीन. एखाद्या तरुण माणसाला उपयोगी पडेल.

मी ते दोनदा वाचलं. घडी जशी होती तशी घातली.

"कुंदा," ब्रेम म्हणाले. ते हळू बोलत होते, मला प्रत्येक शब्द समजावा म्हणून. "मी हे गावात सगळ्यांना दाखवलं. भ्रमण मंडळाला विचारलं. आमच्याकडे असा नियम नाही. कधीच नव्हता. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, ती अजून त्या बांधांवरून चर्चला जाते. त्यांना हे कुणी सांगितलं?"

घरात त्यांचं म्हणणं समजणारी मी एकटीच होते.

"काय म्हणतायत गं ते?" आईने विचारलं.

"काय म्हणतत साहेब?" धाकूही पुढे झुकला.

ते म्हणतायत, बाबांची फार आठवण येते. एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. आईने डोळ्यांना पदर लावला असता, ब्रेमना वाटलं असतं प्रश्न पोहोचला, आणि सगळे जेवले असते. वाक्य तयार होतं. मराठीत आणि जर्मनमध्येही.

"मी," मी ब्रेमना म्हणाले. जर्मनमध्येही तो एकच शब्द आहे. त्यांनी ताटावरचा हात मागे घेतला.

"अगं, काय चाललंय? काय विचारलं त्यांनी? आणि तू काय म्हणालीस?"

मी आईकडे वळले.

"ते विचारतायत, साठ वर्षांचा नियम बाबांना कुणी सांगितला. मी सांगितला, आई. तिथे असं काही लिहिलेलं नव्हतं. भोवळ येत असेल तर जाऊ नये, एवढंच होतं. त्यांना भोवळ येत होती, मला माहीत होतं, आणि तुला मी सांगितलं नाही. ते आजारी आहेत हे त्यांनी ऐकलं नसतं. म्हणून मी त्यांना म्हातारं ठरवलं. आणि ते त्यांनी ऐकलं."